मूर हरले, पण मतं गेली कुठे?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका माडीवर आम्ही दोन-तीन वकील रविवारी सकाळी कायद्याच्या पोरापोरींचा वर्ग घेतो. फी नाही, हजेरी नाही, चहाचे पैसे आळीपाळीने. महिन्यातून एकदा एकच प्रकरण घ्यायचं आणि सालीपासून कोयीपर्यंत सोलायचं, एवढाच नियम.

न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी ५ मार्च २०२४ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाचा राजीनामा दिला, दोन दिवसांत भाजपमध्ये गेले आणि तमलूकमधून खासदारही झाले. तेव्हापासून दर तुकडीत हा विषय निघतोच. निघाला की दोन मिनिटांत संपतोही. कुणीतरी म्हणतं, ‘न्यायाधीशाने राजकारणात येऊच नये.’ दुसरा म्हणतो, ‘रामशास्त्री बघा.’ माहुली इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे साताऱ्यात रामशास्त्र्यांचं नाव घेतलं की पुढे बोलायची सोय राहत नाही. मला या सवयीचा कंटाळा आला होता. म्हणून मुद्दाम लांबचं प्रकरण आणलं: अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचे रॉय मूर. तिथे आपला कुणी नाही, कुणाचा पक्ष आपला नाही, त्यामुळे डोकं थंड ठेवून बघता येतं.

आधी एक गोष्ट पोरांना पुन्हा पुन्हा सांगावी लागली. अलाबामात न्यायाधीश निवडून येतात, तेही पक्षाच्या तिकिटावर. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशसुद्धा मतं मागत फिरतात, सभा घेतात, पोस्टर लावतात. आपल्याकडे न्यायमूर्ती राजकारणात गेले की उंबरा ओलांडल्यासारखं वाटतं. तिथे उंबराच नाही, एकच लांबलचक ओसरी आहे. म्हणून ‘न्यायाधीश निवडणुकीला उभा कसा राहिला?’ हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. पडतो तो वेगळाच, आणि माझं प्रकरण त्याच्यावर आहे: असा माणूस उभा राहिल्यावर त्याच्याच पक्षाचा मतदार काय करतो?

दोनदा गेलेली खुर्ची

मूर १९४७ चे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले, व्हिएतनामला जाऊन आले, वकील झाले. गॅड्सडेन गावच्या न्यायालयात न्यायाधीश असताना त्यांनी बायबलमधल्या दहा आज्ञा कोरलेली लाकडी पाटी भिंतीवर टांगली. पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने कोरलेली होती. त्यावरून खटले झाले, पाटी गाजली आणि पाटीबरोबर मूरही. २००० साली ते ‘दहा आज्ञांचे न्यायाधीश’ म्हणूनच राज्याच्या मुख्य न्यायाधीशपदावर निवडून आले.

पुढची पायरी म्हणजे शिळा. ३१ जुलै २००१ च्या रात्री माँटगोमेरीच्या न्यायभवनाच्या मुख्य दालनात ५,२८० पौंडांचा, म्हणजे सुमारे २,४०० किलोंचा ग्रॅनाइटचा ठोकळा आणून बसवला. वर दहा आज्ञा. वजनाचा आकडा ऐकून वाईचा एक पोरगा म्हणाला, ‘सर, एवढा दगड रात्रीत उतरवायचा तर क्रेनवालाही भाविकच पाहिजे.’ असेलही. संघराज्याच्या न्यायालयाने २००२ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल दिला की सरकारी इमारतीत ही शिळा घटनेला धरून नाही, हलवा. मूर हलवेनात. शेवटी त्यांच्याच न्यायालयातल्या बाकीच्या आठ न्यायमूर्तींनी मुख्य न्यायाधीशांना बाजूला सारून हुकूम काढला आणि ऑगस्ट २००३ मध्ये शिळा दालनातून हलली. १३ नोव्हेंबर २००३ रोजी न्यायाधीशांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायालयाने एकमताने मूर यांना पदावरून काढलं.

इथे वर्गातला एक हात वर आला. ‘सर, पण हे तर रामशास्त्र्यांसारखंच झालं. सत्तेपुढे वाकले नाहीत.’

मला हेच पाहिजे होतं. मूर यांचे समर्थक अगदी असंच बोलत. त्यांच्या लेखी मूर हे दिल्लीश्वरापुढे न झुकणारे न्यायाधीश, दिल्लीच्या जागी फक्त वॉशिंग्टन घालायचं. मग फळ्यावर दोन रकाने पाडले. नारायणरावांचा खून १७७३ सालचा. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, राघोबादादांना दोषी धरलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि त्यांच्या हाताखाली काम करायचं नाही म्हणून पद सोडून पुणं सोडलं. पुढे बारभाईंच्या काळात ते परत आलेही. सत्तेचा विटाळ वगैरे काही नव्हता. म्हणजे त्यांच्यापुढे प्रकरण आलं, त्यांनी निकाल दिला, निकाल चालेना तेव्हा उठले. मूर यांच्या बाबतीत प्रकरण त्यांच्यावरच होतं, निकाल वरच्या न्यायालयाचा होता, तो त्यांनी पाळला नाही आणि कुणी उठवेपर्यंत ते खुर्चीत बसून राहिले. दोघंही सत्तेला ‘नाही’ म्हणाले हे खरं. पण एकाने न्यायासनावरून ‘नाही’ म्हटलं आणि दुसऱ्याने न्यायासनालाच. पोरगा थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. पटलं की नाही, सांगता येत नाही.

पदावरून काढलेला माणूस संपतो, असं आपल्याला वाटतं. मूर २००६ आणि २०१० ला गव्हर्नरपदासाठी, म्हणजे राज्याच्या कारभाराच्या प्रमुखपदासाठी, पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले आणि दोन्ही वेळा पडले. पण २०१२ ला ते पुन्हा मुख्य न्यायाधीश म्हणून निवडून आले. ज्या खुर्चीवरून काढलं, तीच खुर्ची. हा आकडा बाजूला लिहून ठेवा, पुढे लागणार आहे: मूर यांना ५१.८ टक्के मतं पडली. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या, अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या मिट रॉम्नी यांना अलाबामाने ६०.५ टक्के दिली होती.

दुसऱ्यांदा खुर्ची गेली ती समलिंगी विवाहावरून. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ ला हा हक्क देशभर मान्य केला. ६ जानेवारी २०१६ ला मूर यांनी आपल्या राज्यातल्या, विवाहाचे परवाने देणाऱ्या न्यायाधीशांना हुकूम धाडला की राज्याची बंदी अजून लागूच समजा. ३० सप्टेंबरला त्यांना उरलेल्या मुदतीसाठी बिनपगारी निलंबित केलं. या निकालातली एक ओळ मी पोरांना दोनदा वाचून दाखवली: पदच्युतीसाठी सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं, बहुमत पदच्युतीच्या बाजूने होतं, पण एकमत नव्हतं. म्हणून निलंबन. नाव निलंबनाचं, परिणाम पदच्युतीचा. मूर सत्तरीला टेकले होते आणि अलाबामात सत्तरीनंतर न्यायाधीशपदाला उभं राहता येत नाही. न्यायालयाचं दार वयानेच बंद झालं, उरलं राजकारण.

२०१७ ची पोटनिवडणूक

सेनेट म्हणजे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह. तिथले अलाबामाचे सेनेटर जेफ सेशन्स ट्रम्प सरकारमध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य विधी अधिकारी, झाले आणि त्यांची जागा रिकामी झाली. गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी तिथे तात्पुरते म्हणून लूथर स्ट्रेंज यांना बसवलं. स्ट्रेंज हे राज्याचे ॲटर्नी जनरल आणि बेंटली स्वतः त्या वेळी भानगडीत अडकलेले. त्यासंबंधीचं काम स्ट्रेंज यांच्याच कार्यालयाकडे. एप्रिलमध्ये बेंटलींना राजीनामा द्यावा लागला. नव्या गव्हर्नर के आयव्ही यांनी पोटनिवडणूक अलीकडे ओढून १२ डिसेंबर २०१७ ला लावली.

पक्षाची दिल्ली, म्हणजे वॉशिंग्टन, स्ट्रेंज यांच्या मागे. ट्रम्प यांनी त्यांच्यासाठी सभा घेतली. पण स्ट्रेंज यांच्या नेमणुकीला देण्याघेण्याचा वास येत होता, आणि मला वाटतं मूर यांचं खरं भाग्य हेच. दोनदा पदावरून उतरलेला माणूस त्या लढतीत सर्वांत स्वच्छ दिसला. पक्षांतर्गत निवडणुकीच्या २६ सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत मूर यांनी स्ट्रेंज यांना ५४.६ विरुद्ध ४५.४ टक्क्यांनी पाडलं.

९ नोव्हेंबरला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी छापली. १९७९ साली मूर ३२ वर्षांचे सहायक सरकारी वकील होते. एक मुलगी आईबरोबर न्यायालयात आली होती. आईला मुलीच्या ताब्याच्या सुनावणीसाठी आत जायचं होतं, मुलगी बाहेरच्या बाकावर. मी तोवर हिच्याजवळ बसतो, असं मूर म्हणाले, असं त्या दोघींचं सांगणं. मुलगी १४ वर्षांची. पुढे त्यांनी तिच्याशी लैंगिक गैरवर्तन केलं, असा तिचा आरोप. आणखीही महिला पुढे आल्या. काहींच्या आठवणी त्या किशोरवयात असताना मूर यांनी केलेल्या जवळिकीच्या, काहींचे आरोप जबरदस्तीचे. मूर यांनी गैरवर्तनाचे आरोप ठाम नाकारले, ती मुलगी आपल्याला कधी भेटलीच नाही असं सांगितलं. फौजदारी खटल्याची मुदत केव्हाच उलटली होती, त्यामुळे गुन्हा म्हणून निकाल कधी लागलाच नाही. परस्परांवरच्या बदनामीच्या दाव्यात २०२२ मध्ये ज्यूरीने दोघांपैकी कुणाच्याच पारड्यात काही टाकलं नाही. वकिलाने इथे थांबावं. मी थांबलो.

मूर मात्र थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका मुलाखतीत, त्या वयात कमी वयाच्या मुलींना भेटत होता का, असं विचारल्यावर ते म्हणाले की आईच्या परवानगीशिवाय कुठल्या मुलीला भेटल्याचं मला आठवत नाही. वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. साक्षीदाराने न विचारलेलं उत्तर द्यायचं नसतं, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकवतो.

आता पक्षाची पंचाईत बघा. सेनेटमधले त्यांचे नेते मिच मकॉनेल म्हणाले, माझा त्या महिलांवर विश्वास आहे, मूर यांनी बाजूला व्हावं. पण अलाबामाच्या कायद्याने मतदानाच्या आधी ७६ दिवसांच्या आत उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवरून काढता येत नाही. आपल्याकडे माघारीची मुदत उलटली आणि ए-बी फॉर्म जोडलेला असला की असंच होतं: पक्ष हात झटकू शकतो, चिन्ह परत घेऊ शकत नाही. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने मदत काढून घेतली, ट्रम्प यांनी ४ डिसेंबरला उघड पाठिंबा दिल्यावर पुन्हा सुरू केली. राज्याच्या लेखापरीक्षकांनी तर योसेफ आणि मरिया यांच्या वयातल्या अंतराचा दाखला दिला. धर्मग्रंथाच्या आडोशाला उभं राहून केलेली इतकी वाईट वकिली मी दुसरी पाहिलेली नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते गव्हर्नर आयव्हींचं म्हणणं. त्या महिलांवर अविश्वास ठेवायला मला कारण दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. आणि लगेच म्हणाल्या की मत मूर यांनाच देईन, कारण सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकांना सेनेटची मंजुरी लागते आणि तिथे आपला माणूस पाहिजे. यात ढोंग नाही. हिशेब उघडा मांडलेला आहे. आपल्या गावातही पारावर हेच चालतं, फक्त इतकं सरळ कुणी बोलत नाही.

समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे डग जोन्स होते. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुली मारल्या गेल्या होत्या. त्यातल्या दोन आरोपींना २००१ आणि २००२ साली शिक्षा मिळवून देणारे सरकारी वकील ते हेच. एका वकिलाने दुसऱ्या वकिलाला पाडावं असा सामना. मतदानाच्या दिवशी मूर घोड्यावर बसून केंद्रावर आले. त्यांची ती रीतच होती.

आकडे

जोन्स ६,७३,८९६. मूर ६,५१,९७२. फरक २१,९२४.

आणि तिसरा आकडा, बातम्यांत शेवटच्या ओळीत असतो तो: मतपत्रिकेवर हाताने दुसऱ्याच कुणाचं नाव लिहून दिलेली मतं २२,८५२. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ही सोय आहे. छापलेल्यांपैकी कुणी नको असेल तर रिकाम्या ओळीवर नाव लिहायचं. अलाबामाचे ज्येष्ठ रिपब्लिकन सेनेटर रिचर्ड शेल्बी यांनी तर मतदानाच्या आधीच सांगून टाकलं की मी मूर यांना मत दिलेलं नाही, आपल्याच पक्षाच्या दुसऱ्याचं नाव लिहिलं आहे. घरातल्या वडीलधाऱ्याने तसं केल्यावर बाकीच्यांचा संकोच गेला असणार.

पोरांनी लगेच वजाबाकी केली. ही सगळी मतं मूर यांना पडली असती तर ते ९२८ मतांनी जिंकले असते. आकडा गोड आहे, म्हणूनच त्याच्यावर फार विसंबू नये. नाव लिहिणारे सगळेच काही मूर यांचे नव्हते. खरी गोष्ट दुसऱ्या वजाबाकीत आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अलाबामात ट्रम्प यांना १३,१८,२५५ मतं होती आणि हिलरी क्लिंटन यांना ७,२९,५४७. वर्षभराने, पोटनिवडणुकीच्या थंड डिसेंबरात, क्लिंटन यांच्यापेक्षा जोन्स यांना ५५,६५१ मतं कमी पडली. ट्रम्प यांच्यापेक्षा मूर यांना ६,६६,२८३ कमी. एकीकडे शंभरातली ब्याण्णव आली, दुसरीकडे शंभरातली पन्नासही नाहीत.

या बेरजेत तीच तीच माणसं आहेत असं नाही, थोडी इकडची तिकडे झालीच असणार. पण एवढा खड्डा पाहिला की ‘अलाबामाने मूर यांना नाकारून जोन्स यांना स्वीकारलं’ हे वाक्य मला लिहवत नाही. जोन्स यांचे लोक बाहेर पडले. कृष्णवर्णीय मतदार तर विशेष संख्येने. मतदान करून बाहेर येणाऱ्यांच्या पाहणीत त्यांच्यातले ९६ टक्के जोन्स यांच्या बाजूने होते. मूर यांचे लोक मात्र उठून पलीकडे गेले नाहीत. बरेचसे घरी बसले. आणि जे आले, त्यांनी मूर यांनाच दिलं: त्याच पाहणीत गोऱ्या महिलांपैकी ६३ टक्के, गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच प्रमाण मानणाऱ्या, ख्रिस्त्यांपैकी ८० टक्के.

आता बाजूला ठेवलेला २०१२ चा आकडा घ्या. महिलांचा एकही आरोप नसताना मूर आपल्या पक्षापेक्षा जवळपास नऊ टक्के मागे होते. अलाबामात एकाच खुणेने पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येतं. म्हणजे काही लोकांनी ती सोय सोडून, खाली शोधत येऊन मूर यांना टाळलं होतं. त्यांना शिळा नको होती, की गाजावाजा, की वरच्या न्यायालयाला धुडकावणं, देव जाणे. पण तडा आधीच होता. २०१७ च्या बातमीने तडा पाडला नाही, त्यात पाणी शिरलं.

पलूसची मावशी

मी खडू ठेवला तेव्हा पलूसहून येणारी एक मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे आमच्याकडचा नोटा.’

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, कबूल करतो. सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावात २०१९ च्या विधानसभेला विश्वजित कदम दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आले, आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता, २०,६३१ मतं. भाजपबरोबरच्या युतीत जागा शिवसेनेला सुटली होती आणि तिचा उमेदवार नोटाच्याही मागे राहिला. मी फळ्यावर २२,८५२ च्या खाली २०,६३१ लिहिलं. एक अख्खं राज्य आणि एक विधानसभा मतदारसंघ, तरी आकडे शेजारी शेजारी.

‘माझ्या मावशीनं दाबला होता,’ ती म्हणाली. ‘तिला विचारलं तर म्हणाली, आमचा माणूस उभाच नव्हता. आणि कदमांना द्यायचं नव्हतं. मग काय घरी बसू? शाई तरी लावून आले.’

वाईचा पोरगा हरकत घ्यायला तयारच होता. पलूसमध्ये कलंक कुठे होता? तिथे तर नुसती जागा दुसऱ्या पक्षाला गेली होती. हरकत बरोबर. शिवाय नोटाने तिथे निकाल बदलला नाही, आणि आपल्याकडे नोटा कितीही पडला तरी जिंकायचा तो जिंकतोच. पण मावशीच्या बोलण्यातला मधला तुकडा मी सोडायला तयार नव्हतो. आमचा नाही, आणि समोरच्याला द्यायचं नाही. या दोन ‘नाहीं’च्या मध्ये जी जागा आहे, तिथेच अलाबामाचे साडेसहा लाख लोक बसले होते. कुणी तिथे चारित्र्यामुळे येतं, कुणी तिकीटवाटपामुळे. बसण्याची तऱ्हा एकच.

मग ती तऱ्हा पुढे किती टिकते, हे बघायला दोन्हीकडची पुढची निवडणूक काढली. मूर यांनी २०१७ चा पराभव मान्य केला नाही, न्यायालयात गेले, तरी निकाल कायम झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये जोन्स यांचा शपथविधी झाला. २०२० ला मूर पुन्हा पक्षाकडे तिकीट मागायला आले. त्यांना सात टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. पक्षाने फुटबॉल प्रशिक्षक टॉमी ट्यूबरव्हिल यांना उभं केलं आणि जोन्स ६०.१ विरुद्ध ३९.७ टक्क्यांनी पडले. साठ टक्के. रॉम्नींना मिळाले होते तेवढेच, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

पलूस-कडेगावात २०२४ ला भाजपने स्वतःचा उमेदवार दिला, संग्रामसिंह देशमुख. कदमच जिंकले, पण दीड लाखांचा फरक तीस हजारांच्या आसपास उतरला.

‘आणि मावशी?’ मी विचारलं.

‘सकाळी सातला रांगेत होती,’ ती म्हणाली. ‘चहासुद्धा न घेता.’